सातवी खोबण

आमच्या बापाकडे सहा नाणी होती,
अठराशे सत्तावीसची, चांदीची, अर्ध्या डॉलरची.
सहाही एकाच साच्यातली.
आई म्हणायची, ऑरिन, हे म्हणजे
एकाच पोराचे सहा फोटो.
तो म्हणायचा, हो, पण पोरगं मोठं होतंय ना त्यात.

बिडेफर्डच्या कारखान्यात तो ठसे घडवायचा.
पोलाद कितव्या ठोक्याला दमतं
हे त्याला बोटांनी कळायचं.
म्हणूनच असेल,
टोपीतली स्वातंत्र्यदेवी, तिचे कुरळे केस, तेरा तारे,
पाठीवरचा गरुड, हे सगळं तो ओलांडून जायचा
ओळखीच्या दाराची पायरी ओलांडावी तसं.
काठावरची अक्षरं तेवढी वाचायचा, नाणं बोटांत फिरवत:
पन्नास सेंट किंवा अर्धा डॉलर.
त्या ‘किंवा’वर दर वेळी हसायचा.
मग तडा शोधायचा.

पहिल्यावर काहीच नाही.
दुसऱ्यावर, दिवा तिरका धरला तर,
सहाव्या ताऱ्याजवळ काठाशी एक केस.
तिसऱ्यावर केस ताऱ्यात शिरलेला.
चौथं कुणाच्या तरी खिशात झिजून गुळगुळीत,
तिथे आम्हाला काही दिसायचं नाही, त्याला दिसायचं.
पाचव्यावर टोपीपर्यंत.
सहाव्यावर तडा कपाळावरून उतरून
थेट डोळ्याच्या कोपऱ्यात.

“फिलाडेल्फियात तेव्हा यंत्रापाशी एक माणूस होता,
त्याला हे दिसत होतं,” बाप सांगायचा.
“नवा साचा तयार नाही, बँकेचा माणूस दारात.
तो म्हणाला असणार, अजून शंभर.”
आमच्या गाडीचा पट्टा करकरायला लागला
की बापही तेच म्हणायचा.

सातवं नाणं कुणीच पाहिलं नव्हतं.
पण पोलाद तिथे थांबत नाही, त्याचा हिशेब होता,
तुकडा निखळणारच.
आणि साच्यातून जे जातं
ते नाण्यावर चढतं, गाठ होऊन.
एकतीस वर्षं तो ती गाठ शोधत होता,
चर्चच्या तळघरांत, अग्निशमन केंद्रांत,
घडीच्या टेबलांमधून,
डब्यात आईने दिलेली अंड्याची सँडविचं घेऊन.

कॉनकॉर्डला, नोव्हेंबरात, मी चौदा वर्षांची,
हातात त्याचा थर्मास.
हेस्टर क्विम्बी नावाच्या बाईंनी नवऱ्याचं सामान मांडलेलं.
पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: साधी नाणी, कुठलंही नव्वद.
बापाने एक उचललं.
खाली ठेवलं.
पुन्हा उचललं, आणि खिशातून नोटा काढून मोजायला लागला,
नव्वद होत्या, तरी दोनदा मोजल्या.

“तुमचा चेहरा पांढरा पडलाय,” बाई म्हणाल्या.
“काही खास आहे का त्यात?”

शेजारच्या टेबलावरचा दलाल मान हलवत होता, नको, नको.
बाप म्हणाला, “हो, मॅडम.”
आणि खुर्ची ओढून बसला.
बाईंच्या हातात भिंग दिलं,
पहिल्यापासून सुरुवात केली, घरी असलेल्या सहांची,
न बघता, तारा तारा मोजत.
थर्मासमधली कॉफी मी एकटीनेच संपवली.

“हॅरल्डला हे ठाऊक होतं?”
“नसावं. नाहीतर नव्वदवाल्यांत नसतं.”
“मग हे मी ठेवते,” त्या म्हणाल्या. “त्याला जाऊन सांगायला हवं.”
आणि नाणं हातमोज्यात घालून मोजा दुमडला.

परतीच्या वाटेवर मी रडले, रागाने.
तो पोर्ट्समथला थांबला, ब्लूबेरी पाय मागवला, दोन तुकडे,
आणि काट्याने हवेत दाखवत म्हणाला,
“सहाव्या आणि सातव्या ताऱ्याच्या मधे! मी वर धरून चाललो होतो.
काठाशी आहे गं, काठाशी.”

तो गेल्यावर लिलावाचा माणूस आला,
सहाही नाणी नेली, पावती नीट लिहून दिली.
सात खोबणींचा पुठ्ठा मात्र उलटसुलट करून म्हणाला,
हा टाकू का?

सातव्या खोबणीच्या तळाशी पेन्सिलीने काढलेलं आहे,
तारे, टोपी, तडा, आणि काठाशी
बोटाला लागेल इतकी गडद गिरवलेली गाठ.
भोवती काठावरची अक्षरंही घेतलीत त्याने,
पन्नास सेंट किंवा
इथवर.
पुढे टोक मोडलेलं असावं, नाहीतर आई जेवायला हाक मारत असेल.